उघड्या पाठीचे हेडफोन

माताफोला गावच्या चर्चचा गायनमास्तर सेलाफी याला चांगले हेडफोन घ्यायचे होते, आणि ते कशासाठी हे बायकोलासुद्धा सांगायची सोय नव्हती. शेजारच्या वाईसेगा गावाची मंडळी दरवर्षी गायनस्पर्धा जिंकायची आणि सेलाफी त्यांच्या खर्जावर लट्टू झाला होता. चारचौघांत मात्र तो म्हणायचा, "गातात कसले? डुकराला आंघोळ घातल्यासारखे ओरडतात." असं म्हणणं मास्तरकीच्या कामातच मोडत होतं. आधीच्या मास्तराला 'बरं गातात हो' एवढ्या एका वाक्यावर काढून टाकलं होतं. तो आता चर्चच्या आवारातलं गवत कापतो.

त्यांची गाणी त्याच्या फोनवर होती, पण फोनच्या टीचभर भोंग्यातून खर्ज ऐकू येत नाही. शिवाय सेलाफीच्या घराला, गावातल्या इतर घरांसारख्याच, भिंती नव्हत्या. खांब, छप्पर, चटया आणि माणसं. अशा घरात गुपचूप ऐकायचं तर थेट कानातच ऐकायला हवं. म्हणून तो राजधानीला, आपियाला गेला. दुकानात विली नावाचा तरणा गडी होता. ऑकलंडला वर्षभर राहून आलेला, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळत होतं.

"याचा आवाज उबदार आहे, मास्तर. याचा कोरडा. हा जरा पिकलेला."

"गाणं विकतोस की केळी?"

"या धंद्यात तसंच बोलतात. बरं, उघड्या पाठीचे देऊ की बंद पाठीचे?"

"फरक काय?"

"बंद म्हणजे कानावर डबा. उघड्याला मागून जाळी. वारा खेळतो, गाणं मोकळं होतं, पसरतं."

इथंच मास्तर फसला. जन्मभर बिनभिंतीच्या घरात झोपलेल्या माणसाला 'बंद' हा शब्द कसा रुचणार? बंद घरात कोण राहतं? गोरे आणि कैदी! दोघंही घामानं निथळत असतात. गाणं पसरतं म्हणजे कुठवर पसरतं, हे सेलाफीनं विचारलं नाही आणि विलीनं सांगितलं नाही. विकणारे हरामखोर असलं कधी सांगत नाहीत. त्यानं उघड्या पाठीचे कानाला लावले, आणि खर्ज असा आत उतरला की मास्तरचे डोळे भरून आले.

"रडताय काय?"

"धूळ आहे तुझ्या दुकानात. बांधून दे."

संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला. या वेळेत गावात कुणी हलत नाही, बोलत नाही, मोटारसुद्धा वेशीवर थांबते. मताई म्हणजे गावचे पंच, ते काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. घरची प्रार्थना उरकल्यावर पुन्हा शंख वाजेपर्यंत जी शांतता असते, ती सेलाफीनं हेरून ठेवली होती. खांबाला टेकून त्यानं हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि आवाज वाढवला.

आधी कोंबड्यांनी माना वर केल्या, मग सासूनं. जाळीतून वाईसेगाचं गेल्या वर्षी जिंकलेलं गीत चारही सुरांत पाझरत होतं. बायको लेसीना हातवारे करायला लागली. "मेल्या, काढ ते!" ती नुसत्या ओठांनी ओरडली. सेलाफीनं एक डोळा उघडला. त्याला वाटलं, हिलाही आवडलं. तो प्रसन्न हसला आणि त्यानं स्वतःच खर्ज लावला. कानात गाणं असलेल्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. त्यात हा मास्तर, आणि मध्ये अडवायला एक भिंत नाही.

रस्त्यावर उभा असलेला म्हातारा पंच तुपुओला गर्रकन वळला. बोलायची बंदी, त्यामुळे त्याला शिवीही देता येईना. तो काठी धरून नुसता थरथरत राहिला. शंख वाजला तशी साठलेली सगळी शिवी एकदम बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. चटईवर मधोमध ते हेडफोन, पकडून आणलेल्या खेकड्यासारखे.

"गुन्हे दोन," तुपुओला गरजला. "प्रार्थनेत गोंगाट केला, तो दंडाचं डुक्कर दिल्यावर मिटेल. पण वाईसेगाचं गीत? आपल्या मास्तरच्या नरड्यातून?"

"मास्तरकी काढा!"

"गवत कापायला लावा!"

सेलाफीनं मान खाली घातली. तेवढ्यात पाद्रीबाबा म्हणाले, "पुरावा तपासल्याशिवाय निकाल देणं बरं नव्हे." त्यांनी हेडफोन कानाला लावले. सेलाफीनं फोनवर गाणं सुरू केलं.

पाद्रीबाबांनी कपाळाला आठी घातली. आठी हळूहळू उलगडली. पाय ठेका धरू लागला, आणि वरच्या पट्टीत त्यांनी बारीक सूर लावला. जाळीतून गाणं शेजारच्या पंचापर्यंत पोचलंच होतं. त्यानं नकळत दुसरा सूर धरला, पलीकडच्यानं तिसरा, आणि खर्ज लागला तो तुपुओलाचा. अख्खं कडवं झालं. चार सुरांत. एकही चूक नाही.

"अगं बाई," शेजारच्या घरातून लेसीनाचा आवाज आला, "एवढं पाठ केलंत तरी कधी तुम्ही सगळ्यांनी?"

प्रश्न रास्त होता, म्हणून कुणालाच आवडला नाही. एक पंच समुद्राकडे बघायला लागला. दुसऱ्याला चटईत एक सुटलेला धागा सापडला. पाद्रीबाबांनी हेडफोन काढले आणि घसा खाकरला.

"काल प्रार्थनेच्या वेळी गाव अगदी शांत होतं. कुणाला काही ऐकू आलं?"

"छे!"

"मी तर देवाचं नाव घेत होतो."

"मग गुन्हाच झालेला नाही," पाद्रीबाबांनी निकाल दिला. "मास्तर आहे तिथंच राहील."

"आणि डुक्कर?" मागून एकानं आशेनं विचारलं.

"डुक्कर द्यावंच," पाद्रीबाबा म्हणाले. "एवढी शांतता होती म्हणून."

पंच उठून पांगले. तुपुओलानं हेडफोन उचलून सेलाफीच्या छातीवर आपटले. मग इकडंतिकडं बघून तो त्याच्या कानाशी वाकला.

"तिसऱ्या कडव्यात घसरलास काल, गाढवा. त्यांचा खर्ज तिथं वर चढतो."