नऊशे चारमध्ये आलेली बाई

"येऊ दे तुमची बाई! संध्याकाळपातूर पळवून न्हाई लावली, तर सुभद्रा नाव लावायची न्हाई!"

रविवारी जेवता जेवता सुभद्राबाईंनी हे जाहीर केलं आणि उजव्या हाताचं प्लास्टर टेबलावर असं आपटलं, की वरणाची वाटी टुणकन उडाली.

मुलगा सुजित चाकणला कंपनीत, सून प्राजक्ता माणच्या आयटी पार्कात. सकाळी गेलेले दोघं दिवेलागणीलाच उगवायचे. मागे बाथरूममध्ये घसरून सुभद्राबाईंचं मनगट मोडलं, तेव्हा कितीतरी वेळ त्या एकट्याच फरशीवर बसून होत्या. हाक मारली तरी ऐकणार कोण? म्हणून दोघांनी एजन्सीला फोन करून दिवसभर सोबतीला बाई ठरवली होती.

"अरं, म्या धा म्हशी सांभाळल्यात! मला सांभाळायला बाई?"

"आई, म्हशी बाथरूममध्ये घसरत नव्हत्या," सुजित म्हणाला.

पण खरं सांगायचं तर सुभद्राबाईंना येणाऱ्या बाईचा राग कमी आणि कुतूहलच जास्त होतं. पुनावळ्याच्या गावठाणात राहत होत्या, तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना गावाची खबर असायची. कुणाकडे पाहुणा आला, कशाला आला, जेवून गेला की चहावरच कटवला, सगळं! या नवव्या मजल्यावर आल्यापासून समोरच्या दाराआड माणसं राहतात की नुसते चपलांचे जोड, तेसुद्धा कळेना. चौकशी करायला माणूसच नाही म्हटल्यावर जीव गुदमरणार नाही तर काय!

सोमवारी दोघं कामावर गेले. सुभद्राबाई दारासमोर खुर्ची टाकून, मांजर बिळासमोर बसतं तशा बसल्या. बेल वाजली. दार उघडलं, तर समोर सत्तरी ओलांडलेली बाई! अंगावर नऊवारी, हातात काठी आणि डोळ्यांवर हा एवढा थोरला काळा गॉगल!

"तुम्हीच का त्या?" गॉगलवाल्या बाईंनी विचारलं.

"व्हय, मीच ती. ये."

"बरं झालं बाई. दार उघडायला कुणी तरी हाय." आणि काठी ठोकत बाई सरळ आत येऊन सोफ्यावर बसल्या.

आता सुभद्राबाईंना जे माहीत नव्हतं, ते तुम्हाला सांगून टाकतो. या होत्या दुर्गाबाई, मुक्काम केज. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे आलेल्या; ते नुकतंच झालेलं. सुभद्राबाईंचं घर ए विंगच्या नऊशे चारमध्ये, तर मुलगा ओंकार याच सोसायटीत, पण बी विंगच्या नऊशे चारमध्ये राहायचा. त्यानेही आईसाठी बाई ठरवली होती आणि तिच्यासाठी किल्ली सिक्युरिटीकडे ठेवून तो कामावर गेला होता. बाईला उशीर झाला. दुर्गाबाईंना घरात करमेना. फोन घरात, दार ओढलेलं, अशा त्या खाली उन्हात जाऊन बसल्या आणि परत येताना ए विंगच्या लिफ्टमध्ये चढल्या. दोन्ही विंग दिसायला जुळ्या. डोळे धड असणारेही चुकायचे, तिथे दुर्गाबाईंचा काय पाड!

म्हणजे दोघीही समोरचीला आपल्याला सांभाळायला आलेली बाई समजत होत्या.

"चहा ठिवा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मी?"

"मग काय मी? डोळ्याला वाफ लागू द्यायची न्हाई म्हणून सांगितलंय डॉक्टरनं."

"आन् माझा हात दिसत न्हाई का तुला?"

"न्हाई दिसत!"

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. कसली ही एजन्सी! हात मोडलेलीला सांभाळायला डोळ्यांनी न दिसणारी! हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढावं, असं त्यांच्या मनात आलं. पण हिच्या डोळ्याला झालं काय, हे कळल्याशिवाय कसं हाकलायचं? त्यांनी विचारलं. डोळ्यावरून गाडी केजला गेली, केजवरून तीन लेकरांवर आणि थोरल्या सुनेवर येऊन थांबली. विषय रंगला म्हटल्यावर चहा हवाच!

शेवटी दोघी मिळून ओट्याशी उभ्या राहिल्या. वाफ लागू नये म्हणून दुर्गाबाईंनी तोंड फिरवलेलं; हात त्यांचे, डोळे सुभद्राबाईंचे. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर मागे घेताना क्लीनर ओरडतो, तशा सुभद्राबाई ओरडत होत्या, "येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे... बास, बास, बास!"

अर्धा चहा कपात उतरला, अर्धा ओट्यावर.

चहा पिऊन होतो न होतो तोच बेल वाजली. दारात गणवेशातली एक तरतरीत बाई. "मी विजयश्री. एजन्सीकडून आलेय, आजींसाठी."

"आमची आलीया की सकाळीच. जा तू," म्हणून सुभद्राबाईंनी दार लावलं.

"कोण होतं?" आतून दुर्गाबाई.

"कामाला बाई ठेवता का म्हणत हुती. म्हटलं, हाय आमच्याकडं."

"बरोबर सांगितलंव. आता माझ्या डोळ्यात थेंब टाका."

बाटली दुर्गाबाईंच्या कनवटीलाच होती, पण धरायला सुभद्राबाईंचा डावा हात! पहिला थेंब कपाळावर, दुसरा नाकावर, तिसरा कुठे गेला ते दोघींनाही कळलं नाही. "पहिल्यांदाच करायलाव का हे काम?" दुर्गाबाई करवादल्या. एवढ्यात फोन वाजला.

"आई, विजयश्रीला परत का पाठवलंत?" प्राजक्ता विचारत होती.

"अगं, बाई सकाळधरनं आलीया. दुर्गा. केजची हाय. तिच्या थोरल्या सुनेनं..."

"आई! आपण कुठल्याही दुर्गेला बोलावलेलं नाही! काय करतेय ती?"

"काय बी न्हाई. माझ्याकडनं चहा घेतला, थेंब घालून घेतले. आता म्हंती, भूक लागली."

प्राजक्ताने फोन कापला. 'ए विंग ९०४ मध्ये काळा गॉगल घातलेली अनोळखी बाई शिरली आहे,' असा मेसेज तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याच्याच खाली, बाईने घर रिकामं असल्याचं कळवल्यावर धावत आलेल्या ओंकारचा मेसेज होता, 'आई सापडत नाही, काळा गॉगल आहे.' पण वरचा वाचूनच लोक इतके घाबरले, की खालचा वाचायला थांबतंय कोण!

इकडे सुभद्राबाईंनी कमरेला पदर खोचला. "खरं सांग, तुला कुणी धाडलं?"

"मला? अवो, माझ्या ओंकारनं तुम्हाला ठिवलंय, आन् मलाच इचारायलाव?"

"मला कोण ठेवतंय! हे माझं घर हाय!"

दुर्गाबाईंचा हात सोफ्यावरून फिरला. ओंकारकडच्या सोफ्याला मऊ मखमल होती, हे तर गुळगुळीत रेक्झिन. हात तिथंच थांबला. मघापासून हुकूम सोडणारा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"मग... मी कुठं हाय?"

सुभद्राबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. या इमारतीत आल्यावर पहिले कित्येक दिवस लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांच्याही काळजात अशीच धडधड व्हायची. कुणाला बोलून दाखवली नव्हती, एवढंच. त्या शेजारी बसल्या आणि डाव्या हाताने त्यांनी दुर्गाबाईंचा हात धरला.

"माझ्याजवळ हायस. भिऊ नको."

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. बाहेर सिक्युरिटी, शेजारीपाजारी, ओंकार! सिक्युरिटीवाला गरजला, "आजी, घाबरू नका! त्या बाईला पकडून ठेवा!"

"पकडूनच ठेवलीया!" सुभद्राबाई आतून ओरडल्या.

दार उघडलं. काठ्या घेऊन आत घुसलेली फौज सोफ्यासमोर येऊन थबकली. ओंकार 'आई गं!' म्हणून दुर्गाबाईंच्या गळ्यातच पडला. समोरच्या दारातली माणसंही आली होती. चपलांपेक्षा बरी निघाली. सुभद्राबाईंनी त्यांची पण चौकशी उरकून घेतली.

गर्दी पांगली. "म्हणजे तुम्ही कामाच्या बाई न्हाईत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई."

"मग बरं झालं. दुसरी बघ म्हणून लेकाला सांगणार होते. लई कामचुकार हो तुम्ही!"

दोघी खळखळून हसल्या. उद्यापासून सकाळी इकडे नाहीतर तिकडे, पण बसायचं एकत्रच, हे ठरलं. दोघींना मिळून बाई एकच पुरे, हेही ठरलं. एजन्सीने पुन्हा पिटाळलेली विजयश्री धापा टाकत दारात आली आणि सकाळपेक्षा जरा बिचकतच तिने विचारलं, "आता नक्की सांगा. सांभाळायचं कुणाला?"

दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं.