देवाचा बेकायदा भोगवटा

खारा वारा.

काचबिंदू.

छिन्नीचे घाव, अर्ध्यावर थांबलेले.

पूर्णत्वाचा दाखला.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो जोडण्याचं काम कार्यालयानं केलं.

किनाऱ्यावरच्या त्या गावात खडकात कोरलेली जुनी देवळं आहेत. शेवटच्या देवळाचं छत कोरायचं राहून गेलं, म्हणून बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं : 'अपूर्ण'. शतकानुशतकं कुणाची तक्रार नव्हती. मग नव्या साहेबांनी पाटी वाचली.

"अपूर्ण बांधकामात लोक शिरतातच कसे?" असं म्हणून त्यांनी कुलूप ठोकलं.

आत्याची उरलीसुरली नजर फार तर उन्हाळ्यापर्यंत टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी तिला आतला शेषशायी विष्णू बघायचा होता. भाची तिला हाताला धरून घेऊन आली.

"पूर्णत्वाचा दाखला नाही, म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही, बाई," साहेब म्हणाले. "त्याशिवाय आत राहता येत नाही."

"आम्हाला कुठं राहायचंय? नुसतं बघायचंय," भाची म्हणाली.

"तुमचं नाही म्हणत. आत जे झोपलेत, त्यांचं म्हणतोय."

"मग उठवा की त्यांना," आत्या म्हणाली. "आमच्या हाकेला तर कधी उठले नाहीत!"

साहेब हसले नाहीत. देवाला बेकायदा भोगवटादार ठरवून खडकावर नोटीस डकवण्यात आली. मुदतीत खुलासा आला नाही. सबब, काम पूर्ण करण्याचा आदेश निघाला. देवळं कोरवून घेणारं मूळ राजघराणं ठेकेदार म्हणून काळ्या यादीत गेलं. नव्या ठेकेदारानं छिन्नीचे घाव सिमेंटनं बुजवले, छत सपाट केलं, पंखा टांगला. विष्णूचं खाऱ्या वाऱ्यानं झिजलेलं नाकही नियमात बसवलं.

उद्घाटनाला ही गर्दी! "आता कसं स्वच्छ वाटतं," जो तो म्हणत होता. भाचीनं आत्याला आत आणलं. आत्यानं भिंतीवरून हात फिरवला.

"अगं, हे कुणाचं न्हाणीघर?"

"देऊळच आहे, आत्या."

"असेल बाई. देव कसा दिसतो ते तरी सांग."

भाचीनं वर पाहिलं.

"ओ ताई, झालं असेल तर सरका जरा," मागून कुणीतरी ओरडलं. "फोटोत येताय!"

फोटो झकास आले. घरबसल्या तुम्हीही त्यांना अंगठा दाखवलात, वर केलेला.

आत्याची नजर गेली ती नोटिशीची मुदत चालू असताना.