बरोबरीची प्रार्थना

"देवाकडे मागायचं ते नेमकं माग, आर्डिस. मोघम मागशील तर तो त्याच्या सोयीनं देईल." आईचं हे सांगणं आर्डिसनं साठ वर्षं पाळलं होतं. रोज सकाळी एक स्तोत्र वाचल्याशिवाय ती कॉफीला शिवत नसे, आणि मागणं नेहमी मापात.

यंदाचं मागणं नवऱ्याच्या खुब्यासाठी होतं. व्हर्नन आणि शेजारचा लीलँड दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर एकच पैज लावत. ज्याचा उमेदवार पडेल त्यानं मतदानानंतरच्या शनिवारी दुसऱ्याला एकचाकी हातगाडीत बसवून धान्याच्या कोठारापासून चर्चपर्यंत, चढावरून, ढकलत न्यायचं. मिनेसोटातलं ते एवढंसं गाव रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसे. पण यंदा व्हर्ननच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि लीलँडच्या हृदयात दोन स्टेंट.

"अहो, या वर्षी राहू द्या ना."

"शब्द म्हणजे शब्द. आणि माझाच माणूस येतोय, तू कशाला घाबरतेस?"

"मग लीलँड भावोजी ढकलणार. चर्चमध्ये पोचतील, पण आडवे."

आर्डिस पेपरातला, कुठल्या राज्याची किती मतं ते दाखवणारा नकाशा घेऊन बसली. ओहायो इकडे गेलं तर हा दवाखान्यात, तिकडे गेलं तर तो. राज्यं कशीही रंगवा, एक म्हातारा जातच होता. दोघं वाचत होते ते एकाच हिशेबात, राज्यांच्या पाचशे अडतीस मतांची निम्मी-निम्मी वाटणी: दोनशे एकोणसत्तरला दोनशे एकोणसत्तर.

"बरोबरी व्हावी म्हणून प्रार्थना करा," असा फोन तिनं चर्चच्या प्रार्थना-साखळीतल्या पहिल्या बाईला केला. साखळीचा नियम असा की एकीनं दुसरीला कळवायचं, कारण विचारायचं नाही. त्यामुळे कारण प्रत्येकीनं आपापलं लावून घेतलं. बरोबरी होणार, मग निवड काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद करणार, संसद भांडत बसणार आणि तोवर टपालसुद्धा यायचं नाही, इथवर गाव दुपारपर्यंत पोचलं. साखळीतल्या मर्टलनं हॉटडिशची, म्हणजे बटाटे घालून भट्टीत भाजलेल्या जेवणाची, पाच भांडी फ्रीझरमध्ये टाकली. "राष्ट्राध्यक्ष नसला तरी भूक लागतेच ना," ती म्हणाली.

संध्याकाळी लीलँड दारात हजर. "वहिनी, पैजेत बरोबरीचं कलमच नाही. झालीच, तर ढकलायचं कोणी?"

"जिनं मागितली तिनं," व्हर्नन आतून म्हणाला.

"ढकलीन," आर्डिस शांतपणे म्हणाली. "दोघांनाही एकदम बसवून. दिला शब्द."

निवडणूक झाली. शनिवार उजाडला तरी एका राज्यात फेरमोजणी चालूच, आणि दोन्ही उमेदवार बहुमताच्या अलीकडेच अडकलेले. गावानं निवाडा पाद्रीबाबांवर सोपवला.

"आजच्या घडीला कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मी तर याला बरोबरीच म्हणेन." त्यांची घडीची खुर्ची पहाटेच पहिल्या रांगेत लागली होती.

"सरक की जरा," लीलँड गाडीत बसता बसता म्हणाला.

"कुठे सरकू? माझा खुबा आहे तिथं."

"वजन किती हो दोघांचं?" आर्डिसनं विचारलं.

"खरं सांगू, वहिनी, की डॉक्टरांना सांगतो ते?"

आर्डिसनं चर्चसाठीचे पांढरे हातमोजे काढून कोटाच्या खिशात ठेवले, अंगणात काम करायचे जाड हातमोजे चढवले आणि दोन्ही दांडे उचलले.