जिन्यात कोण बसणार

सामना एका गुणाने गेला, आणि तो कोणी घालवला याबद्दल घरात तीन मतं होती. मामांच्या मते कोचने. डॉक्टरांच्या मते, फ्री थ्रो टाकताना ज्याचे गुडघेच वाकत नाहीत त्या उंच पोराने. आईचं मत होतं की टीव्ही बंद करावा आणि जेवायला बसावं. मुलगी ताटं मांडत होती. तिला कोणी विचारलं नाही.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. ते जन्मात कधी बास्केटबॉल खेळले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मतांना कसलीच अडचण यायची नाही. डॉक्टर गल्लीच्या टोकाचे, दातांचे. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची त्यांना सवय, म्हणून कोणी उलट उत्तर दिलं की ते आधी दचकायचे. दोघंही सामना बघायला वर्षानुवर्षं याच घरी येत. बाबा असताना येत होते, आणि दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले तरी येत राहिले, कारण न येणं जास्त अवघड झालं असतं.

बाद फेरीतल्या तीन सामन्यांपैकी हा पहिला; दोन जिंकेल तो पुढे. शनिवारचा गेला की गाशा गुंडाळायचा. मामांनी मिठाची बरणी मनातल्या बास्केटखाली उभी केली, तिच्याभोवती चार चमचे लावले आणि शनिवारी बचाव कसा असला पाहिजे ते दाखवलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला डावीकडून आत घुसवला. मामा म्हणाले, असा पेला त्यांच्या संघात नाहीच. वाद रंगात आला तेवढ्यात आईने बचाव भेदून मीठ उचललं आणि भाजीत घातलं.

"एक बोलू का?" डॉक्टर हळूच म्हणाले. "बाहेर कोणी नव्हतं."

हे चौथं मत. ते सगळ्यांच्याच मनात होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

बाबांची नजर संघाला बाधते, असं या घरात ठरलेलं होतं. फार वर्षांपूर्वी एका सामन्याच्या शेवटी ते कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली गेले आणि हातचा गेलेला सामना फिरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण पुढच्या खेपेला आईने अर्धी रिकामी पिशवीच त्यांच्या हातात दिली, आणि संघ पुन्हा जिंकला. त्यानंतर पिशवीचीही गरज उरली नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली की आई म्हणायची, "अहो, वेळ झाली." बाबा उठायचे, चपला घालायचे, दार ओढलं की आपोआप बंद होतं म्हणून आपली किल्ली खिशात टाकायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. आतून आरडाओरडा ऐकू आला की थोड्या वेळाने परत यायचे आणि विचारायचे, "काय झालं?" सगळे एकदम बोलायला लागायचे. मग आई इतरांना गप्प करून पहिल्यापासून सांगायची, आणि बाबा हातातला चहा थंड होईतो ऐकायचे. संघ हरलाच, तर ते पायरीवर नीट बसले नसणार असं निघायचं.

"पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी बसू," मामा म्हणाले. "पाळीपाळीने. मी पहिला नाही."

"कोणी बसायचं नाही." आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "त्या माणसाने जिंकलेला एक सामना शेवटपर्यंत बघितला नाही. एक नाही. माझ्यापायी. आता या घरातून कोणाला बाहेर काढायचं नाही. हरायचं असेल तर सगळ्यांनी बसून हरायचं."

त्यावर मामांना भाजीत मीठ जास्त झालंय हेही सांगता आलं नाही.

शनिवारी चौघं ठरल्याप्रमाणे बसून हरू लागली. शेवटच्या दोन मिनिटांना सुरुवात झाली तेव्हा संघ सात गुणांनी मागे होता. नियम आठवत असल्यामुळे कोणी दाराकडे बघत नव्हतं. आणि आईच उठली. "आलेच," म्हणाली, चपला घातल्या आणि दार उघडं टाकून जिन्यात गेली. मुलीला आतून तिची पाठ दिसत होती. ती बरोबर त्याच पायरीवर बसली होती, भिंतीकडे थोडी जागा सोडून.

"माझी बहीण आहे, मी आणतो समजावून," म्हणत मामा गेले आणि तिच्याशेजारी बसले. इकडे संघाने लागोपाठ दोन बास्केट केल्या. हा गुण आईचा की मामांचा, हे डॉक्टरांना कळेना. विज्ञानाचा माणूस म्हणून ते स्वतःही बाहेर जाऊन बसले. आणखी दोन गुण. खोलीत मुलगी आणि टीव्ही एवढेच उरले. घरचे सगळे जिन्यात बसलेले असताना आपण एकटीने जिंकणं तिला बरं वाटेना. सगळ्यांना आत बोलवावं म्हणून ती उंबऱ्याबाहेर आली, आणि वाऱ्याने दार मागे खट्‌कन लागलं.

चौघांनी दाराकडे बघितलं.

"किल्ली?" मामांनी विचारलं.

"आत, खुंटीवर."

"दुसरी? भाऊजींची?"

"ती सापडलीच नाही," आई म्हणाली.

फोन आत होते. टीव्ही आत होता आणि समालोचक काहीतरी भयंकर घडत असल्यासारखा ओरडत होता. मामांनी दाराला कान लावला आणि जाहीर केलं की कोणाला तरी काहीतरी मिळालं आहे. डॉक्टरांनी आईच्या केसातली पिन घेऊन कुलपात घातली, एक डोळा मिटून आत पाहिलं, आणि दुखतंय का असं विचारायच्या बेतात असल्यासारखे मागे सरले.

"खाली लाँड्रीत टीव्ही आहे," मुलगी म्हणाली.

चौघं धडाधड जिना उतरली. लाँड्रीवाला शर्टाच्या कॉलरवर इस्त्री धरून पडद्याकडे बघत होता. एका गुणाची पिछाडी, काही सेकंद, आणि फ्री थ्रोला तोच उंच पोरगा. टीव्हीसमोर एक स्टूल रिकामं होतं. मामा त्यावर टेकणार तोच लाँड्रीवाल्याने इस्त्रीचा हात आडवा केला.

"तिथं नका बसू. साहेबांची जागा आहे ती."

पहिला बॉल आत गेला. दुसराही गेला. "वाकवले," डॉक्टर पुटपुटले. "गुडघे वाकवले त्याने." समोरच्यांचा शेवटचा लांबून टाकलेला बॉल रिंगला लागून बाहेर पडला, आणि मामांनी डॉक्टरांना मिठी मारली. त्यांच्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आई स्टुलाकडेच बघत होती.

"कुठल्या साहेबांची?"

लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. मग सांगावं की नाही असं घोळत त्याने सांगितलं. साहेब दर सामन्याला शेवटी इथे यायचे. जिन्यात डास असतात म्हणायचे. इथेच बसून शेवटपर्यंत बघायचे. जिंकले तरी लगेच उठायचे नाहीत. वर ओरडा सुरू झाला, की मग हसून चपला शोधायचे.

"म्हणजे सगळे सामने?"

"सगळे. गेल्या वेळी टीव्ही लावलाच नाही मी, वहिनी. मन होईना."

मामा आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. मागचा सामना कोणी घालवला ते एकदाचं निघालं होतं, पण आता त्याबद्दल कोणाला रागावता येईना.

"आणि मी वर दर वेळी तास तास सांगत बसायचे," आई म्हणाली. "त्यांनी सगळं बघितलेलं असायचं आणि मला विचारायचे, काय झालं म्हणून."

"मी एकदा म्हटलं त्यांना, बघितलंत ना, मग परत कशाला ऐकायचं? तर म्हणाले, ती सांगते तसा सामना टीव्हीवर होत नाही."

लाँड्रीवाल्याने गल्ल्याचा खण उघडला, बटणं आणि पिनांमध्ये बोट फिरवलं आणि एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांच्या इस्त्रीला आलेल्या शेवटच्या पँटच्या खिशात निघाली होती. वर येऊन द्यायची रोज ठरवत होता.

आईने ती उचलली, जरा वेळ मुठीत धरली आणि मुलीच्या हातात दिली. "दार उघड, टीव्ही बंद कर. खुंटीवरची किल्ली घे, आणि ही आणून परत खणात ठेव. अजून एक सामना आहे."

मुलगी वर जाऊन सगळं करून आली. ती परतली तेव्हा मामा आणि डॉक्टर कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसले होते आणि पुढच्या सामन्याला जिन्यात आपणच बसणार यावर भांडत होते. आई स्टुलावर बसली होती.

"काय झालं मग?" लाँड्रीवाल्याने तिला विचारलं.

त्याने सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता. आईने भावाला आणि डॉक्टरांना गप्प केलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मुलीने किल्ली खणात ठेवली. लाँड्रीवाला इस्त्री थंड होईतो ऐकत राहिला.