चाळीस पावलांवर थांबा

आपल्या पोटातलं पाणी हलत नाही, असं पायलट छातीठोकपणे सांगायचे आणि ते खरंही होतं. विमान त्यांनी जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं. एकतीस वर्षं घाटातली बस चालवली, एकवीस वळणांचा तो घाट दिवसातून चार वेळा चढले-उतरले, म्हणून डेपोने दिलेलं हे नाव. मागे बसलेली माणसं तिसऱ्या वळणाला गप्प व्हायची, सातव्याला खिडकीकडे झेपावायची आणि अकराव्याला आपण घरून निघालोच का, असा विचार करायची. पायलट आरशातून हे सगळं बघायचे. “मनाचे खेळ असतात हो,” ते म्हणायचे. “लांब बघा, खिडकी उघडा, मन घट्ट करा. झालं.”

या मनाच्या खेळांचा सगळ्यात मोठा नमुना त्यांच्या घरातच होता. त्यांच्या बायकोला बस लागायची, मोटार लागायची, लिफ्ट लागायची. एकदा फर्निचरच्या दुकानात झुलत्या खुर्चीकडे नुसतं बघून ती मटकन खाली बसली होती. ही गोष्ट पायलट गेली वीस वर्षं येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगत होते आणि ती बिचारी पाहुण्यांपुढे चहा ठेवत मुकाट ऐकून घेत होती.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिने तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि एका भागीदाराबरोबर व्हिडिओ गेम बनवायला घेतला. तेव्हा पायलट एकच वाक्य बोलले होते. “खेळ करून कुणाचं पोट भरलंय?” वाक्य तोंडातून निघालं त्याच क्षणी त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला होता. पण एकतीस वर्षं घाटात बस चालवलेल्या माणसाला गाडी मागे घ्यायची सवय नसते. त्यामुळे ते वाक्य तीन वर्षं बाप-लेकीच्या मधोमध तसंच उभं होतं.

एका दुपारी मुलगी आली. तिने टीव्हीला एक डबा जोडला आणि बटणांचा रिमोट बापाच्या हातात दिला.

“डोंगराचा खेळ आहे, बाबा. मारामारी नाही, पळापळ नाही. पायथ्यापासून शिखरापर्यंत चालत जायचं, बस्स. बाजारात यायला तीन आठवडे आहेत. तोवर वीस जणांना नुसता खेळून बघायला दिलाय.”

“मग मी एकविसावा का?”

“तुम्ही विसातलेच. नावं मी घेतलीच नाहीत, प्रत्येकाला फक्त नंबर आहे. म्हणजे माणूस खोटं कौतुक करत नाही.” दारात चपला घालताना ती थांबली. “वरपर्यंत नक्की जा हं, बाबा. वर काय आहे ते आत्ता सांगत नाही.”

ती गेली, पायलट ऐटीत बसले आणि पडदा उजळला.

ते बघतच राहिले. पायथ्याशी गवत होतं आणि त्याचं पातं न् पातं वाऱ्याने वेगळं हलत होतं. दगडांवर शेवाळ होतं, शेवाळावर दंव होतं, आणि ढग सरकला की सगळ्या उतारावरून ऊन हळूहळू खाली येत होतं. इतकं सुंदर काहीतरी आपल्या बैठकीत, कपाट आणि इस्त्रीच्या टेबलाच्या मध्ये, याआधी कधीच आलं नव्हतं. हे आपल्या पोरीने केलं? जिला वहीत एक रेघ सरळ मारता येत नव्हती, तिने? पायलटच्या अंगावर काटा आला. त्यांनी बटण दाबलं आणि चालायला लागले.

माणूस चालताना नजर जशी डुलते, तसं त्या खेळातलं दृश्य डुलत होतं. पाऊल डावं, डोंगर डावीकडे. पाऊल उजवं, डोंगर उजवीकडे. विसाव्या पावलाला पायलटनी कॉलर सैल केली. चाळिसाव्याला त्यांना दुपारचं जेवण आठवलं. साठाव्याला ते जेवण परत भेटायला निघालं आणि पायलट जे उठले ते थेट मोरीत जाऊन थांबले. एकूण प्रवास, दोन मिनिटं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “गेलात का वर?”

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? पण एकतीस वर्षांची अब्रू होती. “गेलो की,” पायलट म्हणाले.

“आवडलं?”

“आवडलं म्हणजे काय, डोळ्यांचं पारणं फिटलं.”

मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मला वाटलं होतंच, बाबा,” आणि नाक ओढत तिने घाईने फोन ठेवला.

पायलट जागच्या जागी बसले. वर काहीतरी होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी यावं असं काहीतरी तिने तिथे ठेवलं होतं, आणि ते न बघताच आपण पावती फाडून मोकळे झालो होतो. आता शिखर गाठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दोन दिवस त्यांनी आपलेच सगळे उपदेश स्वतःवर करून पाहिले. लांब बघितलं, खिडकी उघडली, मन घट्ट केलं. मन घट्ट झालं, पोट झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून स्वयंपाकघराचं दार गाठलं.

“अगं, तुला जेव्हा गाडी लागते, तेव्हा तू काय करतेस?”

बायकोने मटार सोलायचे थांबवले. हा प्रश्न येण्याची तिने जवळजवळ सगळा संसार वाट पाहिली होती. “बसा,” ती म्हणाली.

ती बोलत गेली आणि पायलट थक्क होऊन ऐकत राहिले. रिकाम्या पोटी जायचं नाही, भरल्या पोटीही जायचं नाही, दोन कोरडी बिस्किटं खायची. मानेवर ओला रुमाल, नाकाशी कापलेलं लिंबू. दीर्घ श्वास घ्यायचा तो नाकाने, तोंडाने घेतला तर कारभार आटोपला. “आणि मुख्य म्हणजे थांबायचं. मळमळायला लागल्यावर नाही, लागायच्या आधी. थांबलं की जवळचं, न हलणारं काहीतरी दहा मिनिटं बघायचं. लांब बघा म्हणे! लांब सगळंच हलतं.” एवढी विद्या आपल्या घरात होती आणि आपण तिची झुलती खुर्ची करून टाकली, या विचाराने पायलट ओशाळले.

साठाव्या पावलाला घात होतो म्हणजे चाळिसाव्याला थांबायला हवं. पण पावलं मोजायची कुणी? पायलटचं सगळं लक्ष पोटाकडे लागलेलं. तेव्हा त्यांनी डबलबेलला बोलावणं धाडलं. डबलबेल म्हणजे त्यांच्या बसचा कंडक्टर. तोही आता निवृत्त होता आणि घरी बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होता. येताना तो जुन्या सायकलची घंटी घेऊन आला, डोक्यावर टोपी चढवली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

“मी मोजीन,” तो म्हणाला, “पण तो रिमोट हातात घेणार नाही. कंडक्टरने स्टिअरिंगला हात लावायचा नसतो.”

अशी ती फेरी सुरू झाली. पायलट गाडीवर, डबलबेल घंटीवर आणि बायको टीव्हीकडे पाठ करून, लिंबू घेऊन. कारण तिने पडद्याकडे बघितलं असतं तर तिलाच सांभाळावं लागलं असतं. टिंग टिंग झालं की चालायचं. चाळीस पावलं झाली की एकदा टिंग, की पायलट जवळचा खडक गाठून त्याला नाक लावून उभे. दहा मिनिटं. मग पुन्हा टिंग टिंग. डबलबेलने वेळापत्रकच तयार केलं. वाकडं झाड, दोन दगड, लाकडी पूल, असे थांबे पडले. दिवसाला दोन-तीन थांबे झाले की पायलटचं पोट संप पुकारायचं आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत डेपोत जायची.

पण त्या थांब्यांवर काय काय दिसलं! नवव्या दिवशी खडकाला नाक लावून उभे असताना पायलटना तिथे एक गोगलगाय दिसली, नखाएवढी. ती चढत होती. दहा मिनिटांत ती चार बोटं वर गेली आणि मागे ओली चकाकती रेघ राहिली.

“ही कुणासाठी केली असेल रे तिने?” पायलटनी हळूच विचारलं. “चालत जाणाऱ्याला तर ही दिसणारच नाही.”

डबलबेलने टोपी काढून हातात घेतली. दहाची बारा मिनिटं झाली तरी त्याने घंटी वाजवली नाही. त्याच्या नोकरीतला हा पहिला उशीर.

सोळाव्या दिवशी, मंगळवारी, मुलीचा फोन आला. ती आनंदाने नुसती उतू जात होती.

“बाबा, एक गंमत सांगू? कोण कुठे चालतं, कुठे थांबतं, ते मला इथे दिसतं. त्यात एक चौदा नंबर आहे. तो ना, चाळीस पावलं चालतो आणि थांबतो. प्रत्येक खडकासमोर दहा मिनिटं उभा राहतो. माझी गोगलगाय त्याने बघितली! तीन वर्षं मला वाटायचं, हे सगळं मी कुणासाठी रंगवतेय? असा एक माणूस निघाला, बाबा. मला त्याच्या पाया पडावंसं वाटतं.”

पायलटच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

“आणि अगदी वेळेवर भेटला,” मुलगी पुढे म्हणाली. “माझा भागीदार म्हणत होता, चालताना दृश्य डुलतं ते काढून टाकू, बऱ्याच जणांना मळमळतंय. मी म्हटलं, अजिबात नाही! चौदा नंबर सोळा दिवस चालतोय, त्याला कुठे काय होतंय? शुक्रवारी खेळ डुलण्यासकट बाहेर पडणार.”

फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं होतं. डबलबेलने घंटी खिशात घातली.

“सांगून टाका तिला,” बायको भिंतीकडे बघत म्हणाली.

“काय सांगू? पहिल्याच दिवशी खोटं बोललो म्हणून? तिला एकच माणूस मिळालाय, तो बादली मांडीवर घेऊन बसलेला तिचा बाप आहे म्हणून?”

“शुक्रवारी हजारो माणसं तिच्या गाडीत बसणार आहेत. सगळ्यांना लागली तर पुन्हा कोण बसेल?”

पायलट गप्प झाले. पायलटची अब्रू गेली असती तर ती घरातल्या घरातच गेली असती. पोरीची तीन वर्षं गेली असती तर ती परत आणता येणार नव्हती. त्यांनी नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि फोन लावला.

“पोरी, चौदा नंबर मी आहे.”

“काय?”

“मला तुझा खेळ लागतो. साठ पावलांत उलटी होते. म्हणून चाळिसाला थांबतो. डबलबेल घंटी वाजवतो, तुझी आई पाठ करून लिंबू देते. वर मी गेलेलोच नाही. खोटं बोललो.” आता बांध फुटलाच होता, तेव्हा त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. “तीन वर्षांपूर्वी पोटाबद्दल बोललो, तेही चुकलंच. गोगलगाईसाठी थांबलो नव्हतो, पण बघितली ती खरी. इतकं सुंदर मी जन्मात पाहिलं नाही. ते डुलणं तेवढं काढ.”

पलीकडून आधी हुंदका आला, मग हसू आलं आणि मग दोन्ही एकत्र आली. “सोळा दिवस, बाबा? उलट्या करत?”

“मधे एक रविवार सुट्टी घेतली,” पायलट म्हणाले.

गुरुवारी दुपारी नवा खेळ आला. डुलणं गेलं होतं, ज्याला हवं त्याने सुरू करून घ्यायचं होतं. मुलगी फोनवर होती. पायलट निघाले ते घंटीवाचून, लिंबावाचून, अर्ध्या तासात शिखरावर पोचले. धुकं हळूहळू विरलं.

खाली सबंध दरी पसरली होती आणि समोरच्या उतारावरून एक रस्ता वळत वळत शिखराकडे चढत होता. त्यावरून एक लाल बस येत होती, काडेपेटीएवढी. प्रत्येक वळणाच्या आधी ती जरा लवकरच हळू व्हायची, बाहेरच्या अंगाला सरकायची आणि मग डौलात आत वळायची. तसं वळण घेणारा ड्रायव्हर जगात एकच होता. पायलटनी वळणं मोजली. एकवीस.

“शाळेच्या खिडकीतून दिसायची, बाबा,” मुलगी म्हणाली. “रोज बघायचे.”

एकतीस वर्षं पायलट त्या बसच्या आत होते. उन्हात, एवढ्या मोठ्या डोंगरावर ती बाहेरून अशी दिसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुणीतरी ती रोज बघत होतं, हेही नव्हतं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसले.

“कंडक्टर दिसत नाही,” डबलबेल म्हणाला.

“मागच्या दाराशी उभे आहात, काका. बस वर आली की दिसाल.”

बस वर आली. शिखराशी थांबली आणि दार उघडलं. दाराशी खरंच टोपीवाला होता. “बसा, बाबा,” मुलगी म्हणाली. “प्रवासी म्हणून कधी बसला नाहीत ना या बसमध्ये? मी तुमचं चालवणं अगदी आठवून आठवून केलंय. एक वळण इकडचं तिकडे नाही.”

पायलट बसमध्ये चढले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते मागच्या बाकावर, खिडकीशी बसले. पुढे त्यांचीच पाठ होती, ताठ, निवांत. बस उतरणीला लागली. पहिलं वळण, वा. दुसरं वळण, काय हात आहे माणसाचा! तिसऱ्या वळणाला पायलट गप्प झाले. सातव्याला ते बैठकीच्या खिडकीकडे झेपावले.

“पोरी,” त्यांनी कसंबसं विचारलं, “हे तू थोडं वाढवून केलंयस ना?”

“नाही, बाबा. उलट थोडं कमीच केलंय.”

पायलट भिंतीचा आधार घेत सोफ्यावर आले. “अगं,” ते बायकोला म्हणाले, “मी एकतीस वर्षं असा चालवत होतो?”

टीव्हीकडे पाठ करून बसलेल्या बायकोने मान वळवली नाही. हात तेवढा मागे करून तिने बादली त्यांच्या मांडीवर ठेवली.

“आता बोलू नका,” ती म्हणाली. “बोललं की लवकर येते.”