जातीच्या दाखल्याचं लॅटिन

निमोण्याच्या गौतमीनं जातीचा दाखला लॅटिनमध्ये उतरवायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला अडकली. परदेशातल्या एका जुन्या विद्यापीठात लॅटिन शिकायला जायचं, तर शिष्यवृत्तीचा प्रत्येक कागद लॅटिनमध्ये हवा, वर नोटरीचा शिक्का हवा, असा त्यांचा हट्ट. मुदत आज संध्याकाळपर्यंत. आणि 'जात' म्हणायला त्या भाषेत शब्दच सापडेना. आता आली का पंचाईत! 'गेन्स' म्हणजे कुळ. 'ओर्दो' म्हणजे दर्जा. पण तो तर पैसा आला की वाढायचा. शेवटी तिनं 'जात' तशीच ठेवली, खाली अर्थाच्या टिपेची जागा कोरी सोडली आणि वडिलांच्या गाडीवर बसून शिरूर गाठलं.

"कोऱ्या जागेवर शिक्का मारत न्हाई मी," नोटरी पोपटराव म्हणाले. "भर ती. आन् काय लिवलं ते मला मराठीत वाचून दाखव."

गौतमीचे वडील महेंद्र रांजणगावला कंपनीत. ते म्हणाले, "डिपार्टमेंट लिही की."

"डिपार्टमेंट बदलून मिळतं, पप्पा."

"मग ब्लड ग्रुप?"

"अहो, अडल्यावर कुणाचंबी रक्त चालतं," पोपटराव म्हणाले.

बाकावर गौतमीशेजारी प्रतिज्ञापत्रासाठी थांबलेल्या सिंधूबाई बसल्या होत्या. त्यांना राहवेना.

"आडनाव काय गं तुमचं?"

गौतमीनं सांगितलं.

"निमोण्यात घर कुठल्या अंगाला?"

तेही सांगितलं.

"आन् पाव्हणे कुठले?"

"राहू गावचे."

"आसं व्हय," म्हणत सिंधूबाईंनी पिशवी उचलून पलीकडं ठेवली आणि स्वतःही वीतभर सरकल्या.

गौतमीला राग आला, चांगलाच आला. त्या रागातच तिनं एका दमात टीप लिहून काढली.

"वाच," पोपटराव म्हणाले.

तिनं वाचलं. "अनोळखी माणूस तीन प्रश्न विचारतो. नाव काय, घर कुठं, सोयरे कोण. उत्तरं मिळाली की तो थोडा लांब सरकून बसतो. विचारणं आणि सरकणं यांच्या मधे त्याला जे कळतं, ती जात."

महेंद्र फरशीकडं बघत राहिले. पोपटरावांनी मान खाली घालून शिक्का उठवला.

सिंधूबाईंचा जीव मात्र कळवळला. "लई वंगाळ गं बाई ही लॅटिन माणसं! पोरी, तिकडं जपून ऱ्हा. आपल्याकडं न्हाई बाई तसलं काही."