मुसळ थांबलं की पोथी खरी

आमचा शेजारी शिवराम पोथी स्वतः वाचून निवडत नसे. माझ्या बायकोला ऐकवून निवडायचा.

आख्ख्या मुरबाड तालुक्यात असा चक्रम मी दुसरा पाहिला नाही. शेती बरी, लग्न केलेलं नाही. शहापूरच्या बाजारातून जुनी पुराणं, वेदान्ताच्या पोथ्या उचलून आणायचा. म्हणायचा, "जल्म एक नि पोथ्या हजार. अभ्यास करावा अशी कोनची, ते आदी ठरवाया नको?"

ठरवायची रीत अशी. आमची भागी संध्याकाळी ओटीवर भात कांडायची. हा समोर आपल्या ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचा. जर्मनच्या लढाईनं रॉकेल गायब झालं, तरी उजेड असेतो वाचायचा. तिचं मुसळ चालूच राहिलं, तर पोथी फडक्यात बांधून माळ्यावर. मुसळ थांबलं, की त्या पानात मोरपीस आणि गावभर बोंब, "वैनी थांबली! ह्यात कायतरी हाय!"

एक शास्त्रीबुवा त्याला रागावले, "बाईच्या मुसळावर वेदान्त तोलतोस?"

"बुवा, तुमी वाचता तवा लोक झोपतात. हितं निदान काम तरी थांबतं."

लोक हसायचे. मला हसू येत नसे. बाजार करून बैलगाडी दारात आणावी, तर भागी मुसळ हातात धरून उभी, मान कलती, आणि हा वाचतोय. माझ्या बोलण्यानं तिचा हात कधी थांबला नाही. मी दोन बुकं शिकलेला, मी काय ऐकवणार? एकदा विचारलंच, "एवढं काय गोड लागतं त्याचं?"

"तुमाला नाय कळायचं," म्हणाली आणि हसली. ते हसणं मला कुसळासारखं टोचत राहिलं.

गेल्या माघात भागी गेली. तेरावं झालं नि मी तडक शिवरामच्या ओटीवर गेलो. "ती थांबायची ते वाच. मला आयकायचंय."

त्यानं मोरपिसाचं पान उघडलं. मिटलं.

"दादा, पोथीत कायच नव्हतं. तुजी गाडी वढ्याच्या चढनीला लागली की बैलांची घुंगरं वाजायची. वैनी ती आयकत थांबायची. मला लय उशिरा उमगलं."

"मग वाचत का राह्यलास, येड्या?"

तो खाली बघत म्हणाला, "माज्या घरात वाट बगाया कोन नाय. कशी बगतात, ते पायचो."

मी त्याच्या शेजारी बसलो. पण मनात म्हटलं, मेल्या, तिचं ते वाट बघणं तेवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंस.